चार वर्षांतली दोन

लष्करात नर्स म्हणून जायचं ठरवलं तेव्हा मी लोणावळ्याच्या एका लहानशा दवाखान्यात नोकरीला होते. सहा खाटा, एक म्हातारे डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. दुसरं महायुद्ध चालू होतं. घाट चढून आलेल्या लष्करी गाड्या स्टेशनात थांबायच्या, मागून ढकलणारी इंजिनं सुटायची, आणि तेवढ्या वेळात शिपायांची पाण्याच्या नळावर झुंबड उडायची. त्यातल्या कुणाला चक्कर आली, कुणाची जखम उसवली, की स्टेशनमास्तर आमच्याकडे माणूस धाडायचे. असे बरेच जण मी बांधून-पुसून परत गाडीत बसवले. पण त्यांना पाहून मनात काही ऊर्मी दाटली असं मी सांगणार नाही. खरं कारण माझ्या मैत्रिणीचं पत्र. ती नगरची, पुण्याच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबरच शिकलेली. तिनं लिहिलं होतं, ‘मी अर्ज करतेय, तूही कर. नर्सना आता अधिकाऱ्यांचा हुद्दा देतात. खांद्यावर तारे लावतात.’

माझं वय तेव्हा तिशीला टेकलं होतं. मी मूळची तळेगावजवळच्या इंदुरी गावची. चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि सातव्या महिन्यात नवरा विषमज्वरानं गेला. माझे वडील, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मला परत घेऊन आले. पुढं तळेगावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना पटवलं आणि मी पुण्याला नर्सिंग शिकायला गेले. तीन वर्षं शिकले. मग दोन वर्षं त्याच हॉस्पिटलात वॉर्डात काम केलं. त्यानंतर चार वर्षं आंदर मावळात, डोंगरांतल्या वाड्यांवर, नर्सबाई म्हणून फिरले. बाळंतपणं, देवीच्या लशी, हिवताप, विंचू, जे पुढं येईल ते. आणि मग लोणावळा, दोन वर्षं. एवढा माझा हिशेब होता, आणि तो मला सरळ वाटत होता.

अर्जाचा कागद आला तो लांबलचक होता. त्यात एक रकाना होता: नर्सांच्या रजिस्टरला नाव लागल्यानंतरचा अनुभव. मी लिहिलं, आठ वर्षं. डॉक्टरांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाले, “बाई, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण ते मोजतील कसं, हे बघावं लागेल.”

“आठ म्हणजे आठच ना?”

“तसं नसतं. मी ऐकलंय ते असं. शिकलेल्या नर्सला लष्करात घेतात ती लेफ्टनंट म्हणून, दोन ताऱ्यांवर. पण आधीच्या कामाची जेवढी वर्षं ते मान्य करतील, तेवढी तुमची ज्येष्ठता मागं सरकते. म्हणजे आज भरती झालात तरी कागदावर तुम्ही आधीच भरती झालेल्या. ती वर्षं पुरेशी भरली तर एकदम तीन तारे, कॅप्टन.”

भरती आज व्हायची आणि कागदावर ती आधीच झालेली असायची, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मी मान हलवली. डॉक्टरांनी ओळखलं की मला कळलेलं नाही. पण ते थोर मनाचे होते, त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही.

पुण्याला कॅम्पात मुलाखत झाली. मैत्रीण आणि मी एकाच बाकावर बसलो होतो. ती आठही वर्षं त्याच पुण्याच्या हॉस्पिटलात राहिली होती आणि आता शस्त्रक्रियेच्या वॉर्डाची सिस्टर होती. ती आत गेली आणि दहा मिनिटांत हसत बाहेर आली. मग मला बोलावलं.

टेबलामागं तिघं होती. एक लष्करी डॉक्टर, मिशा पिकलेले. एक इंग्रज मेट्रनबाई. आणि कोपऱ्यात लिहिणारा कारकून. सगळं बोलणं इंग्रजीत. पुण्यात मी चांगलं इंग्रजी शिकले होते, पण आंदर मावळात चार वर्षं ते कुणाशी बोलणार? शब्द सापडत होते, पण एकामागून एक यायच्याऐवजी एकदम यायचे.

हॉस्पिटलातली दोन वर्षं मेट्रनबाईंनी भराभर विचारली. मग त्या आंदर मावळावर आल्या.

“तिथं तुमच्या ताब्यात किती खाटा होत्या?”

मी गोंधळले. “एकही नाही. बायका जमिनीवर बाळंत होतात.”

कारकुनानं मान वर केली. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढं विचारलं, “आणि तुम्ही कुणाच्या हाताखाली काम करत होतात?”

“कुणाच्याच नाही. डॉक्टर वडगावला होते. पावसाळ्यात तिथं जायला दिवस लागायचा.”

“म्हणजे तुमच्या कामावर देखरेख नव्हती.”

“नव्हती,” मी म्हणाले. मला वाटलं, ही माझ्या बाजूची गोष्ट आहे. एकटीनं चार वर्षं सांभाळलं, यापेक्षा मोठा अनुभव कोणता? पण मेट्रनबाईंनी कागदावर काहीतरी खोडलं, आणि ते खोडताना त्यांच्या चेहऱ्यावर अशी हळहळ होती की मी काय चुकीचं बोलले हे विचारायचा धीर मला झाला नाही.

बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, “कसं झालं?”

“माहीत नाही. खाटा विचारल्या.”

“मग सांगायच्या होत्यास चार-पाच.”

“नव्हत्या ना.”

“अगं, बाजेवर कुणी झोपली असेल की नाही चार वर्षांत?” ती म्हणाली. मला हसू आलं. पण परतीच्या गाडीत घोरावाडी स्टेशन येईपर्यंत मी खरोखरच आठवत बसले होते की बाजा किती होत्या.

महिन्या-दीड महिन्यानं दोघींनाही पत्रं आली. मैत्रिणीला कॅप्टन केलं होतं. तिचं पत्र चार ओळींचं होतं. माझं मात्र दीड पानी. मी लेफ्टनंट झाले होते, एवढं पहिल्या ओळीत समजलं. खालचं काहीच समजेना. डॉक्टर त्या आठवड्यात गावाला गेले होते, म्हणून मी कागद कंपाउंडरपुढं ठेवला. त्याला औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी तोंडपाठ होतं. त्यानं बोट फिरवत वाचलं आणि एका शब्दावर थांबला.

“बाई, हे विषाचं काय आहे?”

“कसलं विष?”

“हे बघा ना. अँटिडोट, तीन वर्षं. म्हणजे विषावरचा उतारा तुम्हाला तीन वर्षं घ्यावा लागणार.” तो गंभीरपणे माझ्याकडं बघू लागला. “मलेरियाच्या मुलखात पाठवत असतील. क्विनीन असेल.”

मला ते पटलंही. चार दिवस मी धरून चालले होते की मला कुठंतरी आसाम-ब्रह्मदेशाच्या जंगलात धाडणार. डॉक्टर परत आले, त्यांनी कागद पाहिला आणि खुर्चीत मागं रेलून इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अँटिडेट आहे ते! डोट नाही, डेट! तारीख मागं नेणं. तुमची तीन वर्षं मान्य केली आहेत.”

“आठातली तीन? कोणती?”

त्यांनी पेन्सिल घेतली. “पुण्याची दोन पूर्ण धरलेली दिसतात. आपला दवाखाना लहान, म्हणून लोणावळ्याची दोन वर्षं निम्मी, म्हणजे एक. झाली तीन.”

“आणि आंदर मावळ?”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “ते नाही धरलेलं, बाई.”

मला राग आला म्हणावं तर तसं नव्हतं. मी फक्त त्या कागदाकडं बघत राहिले. वॉर्डात काम करताना मी औषधाची वेळ झाली की घड्याळ बघायचे आणि शंका आली की सिस्टरला विचारायचे. त्याची वर्षं पूर्ण धरली. जिथं विचारायला कुणी नव्हतं, तिथली एकही धरली नाही. नियम करणारे लोक शहाणे असणार, त्यांनी काहीतरी विचार केला असणार, पण तो विचार काय हे मला दिसेना.

नोकरीवर रुजू व्हायच्या आधी मी इंदुरीला गेले. बातमी माझ्या आधीच पोचली होती. ओसरीवर आबा बसले होते आणि शेजारी माझे चुलते. चुलत्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले, हवालदार म्हणून बाहेर पडलेले. गावातली पोरं त्यांच्यापुढं विडी लपवायची.

आबांनी पाणी द्यायच्या आधीच विचारलं, “तू सायेब झालीस का न्हाई, येवडं सांग.”

“झाले, आबा. पण मैत्रिणीपेक्षा एक तारा कमी.”

“कमी का?”

“माझी आंदर मावळातली वर्षं धरली नाहीत.”

“धरली न्हाईत म्हंजे? तू तितं व्हतीस की. म्या सोता पोतंभर तांदूळ घिऊन आलतो तुला भेटाया.” आबांना वाटलं, मी तिथं होते याचा पुरावा हवा आहे. ते उठायलाच लागले. “मी सांगतो की. चल, कुणाला सांगायचं त्याला.”

भाऊंनी विचारलं, “किती तारे म्हनलीस?”

“दोन.”

“लपटन?”

“हो. लेफ्टनंट.”

भाऊंनी जमिनीवर नजर लावली. “मी अठरा वर्सं फौजंत काडली,” ते हळूच म्हणाले. “दोन डाव गोळी लागली. लपटन सायबाच्या म्होरं कदी बसलो न्हाई. तो पोरगा असायचा येकवीस-बावीसचा, तरी उबं ऱ्हायचं. आन् तू पयल्याच दिशी तितं?”

“भाऊ, माझी पण आठ वर्षं झाली या कामात. त्यातली तीन धरली त्यांनी.”

“मंग माजी अठरा कुटं गेली?”

मला माझ्या एका ताऱ्याचं वाईट वाटत होतं, आणि समोर बसलेल्या माणसाला ताऱ्यांच्या रांगेत कधी उभंच केलं नव्हतं. मी नर्स म्हणून शिकले होते, परीक्षा दिली होती, म्हणून माझी सुरुवात तिथून. भाऊ अंगठा उठवून भरती झाले होते, म्हणून त्यांची सुरुवात तळातून. हे कारण सांगता आलं असतं. पण ते त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं.

आबा बैल सोडायला गेले. भाऊ एकदम उठले. “हितं ये अंगनात. सलामाला जबाब कसा द्याचा ठावं हाय का?”

“नाही.”

“मंग हसू करून घेशील.” ते अंगणात उभे राहिले, पाठ ताठ केली आणि मला शिकवू लागले. हात कुठून उचलायचा, कोपर कुठं, नजर कुठं. नऊवारीचा काष्टा, कमरेला खोचलेला पदर आणि कपाळाशी हात, माझं मलाच हसू येत होतं. शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या. भाऊ मात्र हसले नाहीत. “आता मी करतो. तू जबाब दे,” असं म्हणून त्यांनी टाचा जुळवून मला सलाम केला. माझा हात वर जाईना. “दे की!” ते ओरडले. मी कसाबसा हात वर नेला. त्यांनी हात खाली घेतला, “बरं हाय,” म्हणाले, आणि गोठ्याकडं तोंड करून बराच वेळ गुरांना वैरण घालत राहिले. त्या दिवशी ते माझ्याशी जेवताना बोलले नाहीत. ते रागावले होते की खूश होते हे आईनंही विचारलं मला, जसं काही मला ठाऊक असणार.

माझी नेमणूक ब्रह्मदेशात झाली नाही. लोणावळ्याजवळच्या माळावर बराकी उभारून जखमी शिपायांसाठी एक तात्पुरतं हॉस्पिटल काढलं होतं, तिथं मला पाठवलं. आणि माझ्या वॉर्डाची प्रमुख म्हणून आली ती माझी मैत्रीण, कॅप्टन. आम्ही दोघी खोलीवर एकमेकींच्या वेण्या घालायचो. सकाळी सातला वॉर्डात गेलो की मी तिला मॅडम म्हणायचे आणि ती मला हुकूम द्यायची. कधीकधी आमची गल्लत व्हायची. ऑर्डर्ली समोर असताना मी “अगं, ते पट्टीचं लिंट कुठंय” असं म्हणून बसायचे; ती खोलीत येऊन “लेफ्टनंट, माझी कंगवी द्या” म्हणायची. शिपायांना या कशाशी देणंघेणं नव्हतं. दोन तारे असोत की तीन, ते आम्हाला सिस्टर म्हणायचे.

एका सकाळी मी चादरींची मोजदाद करत होते. कॅम्पचा परीट आणि त्याची बायको धुतलेले कपडे घेऊन आले होते. ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते, पण गाठोडं डोक्यावर होतंच. गाठोडं उतरवता उतरवता ती खाली बसली आणि उठेना. मी जवळ गेले. पाणमोट फुटली होती. मी तिला कपड्यांच्या खोलीतच आडवी केली, हात धुऊन तपासलं, आणि माझ्या हाताला बाळाचा पाय लागला.

परीट धावत मैत्रिणीकडं गेला असावा. ती आली. “तिला इथं ठेवता येणार नाही,” ती दारातूनच म्हणाली. “हे पुरुषांचं लष्करी हॉस्पिटल आहे. गाडी मागवते, गावातल्या दवाखान्यात ने.”

“पायाळू आहे. गाडी येईपर्यंत टिकायचं नाही.”

“ड्यूटीवरचा डॉक्टर?”

“बोलाव.”

तरुण डॉक्टर आला. तो हाडांचा डॉक्टर होता. त्यानं बघितलं आणि खरं ते सांगितलं, “सिस्टर, मी शिकताना दोन पाहिलीत. दोन्ही वेळा मागं उभा होतो.”

मैत्रीण माझ्याकडं बघत म्हणाली, “तू हात लावू नकोस. काही झालं तर तुझ्यावर येईल. मी तुला हुकूम देते.”

“दे,” मी म्हणाले.

मग तिनं बाह्या वर केल्या आणि विचारलं, “पाणी किती गरम हवं?”

पुढचा तास मी आंदर मावळात असल्यासारखी काम करत होते. ओढायचं नाही, थांबायचं. अंग बाहेर येईल तसं फडक्यात धरायचं. डोक्याच्या वेळी घाई करायची नाही आणि उशीरही करायचा नाही. हे शब्दांत सांगता येत नाही, हातांना येतं. मुलगा झाला. आधी निळा होता, मग रडला. हाडांचा डॉक्टर भिंतीला टेकून बसला होता. सरकारी शिक्क्याच्या सात चादरी खराब झाल्या.

त्या संध्याकाळी मैत्रिणीनं वरिष्ठांना अहवाल लिहिला. लिहिणं तिला भाग होतं. लिहून झाल्यावर तो तिनं मला वाचायला दिला. त्यात होतं, मी नियमाविरुद्ध बाहेरच्या बाईला दाखल केलं, हुकूम मोडला, सामानाचं नुकसान केलं. आणि खाली होतं, या अधिकाऱ्यानं आंदर मावळात चार वर्षं अशा केसेस एकटीनं हाताळल्या आहेत, नाहीतर आई आणि मूल दोन्ही गेली असती.

“ही तक्रार आहे का?” मी विचारलं.

“मलाच कळत नाही,” ती म्हणाली. “तक्रार करायला बसले होते.”

कर्नलसाहेबांनी मला बोलावलं. त्यांनी माझी फाईल पुढं ओढली, चष्मा लावून माझे नेमणुकीचे कागद वाचले आणि म्हणाले, “इथं आंदर मावळाच्या नावापुढं शून्य लिहिलंय.”

“हो सर.”

“आणि काल सकाळी ते शून्य कामाला आलं.” त्यांनी फाईल मिटली. “तुम्हाला ताकीद देणं भाग आहे. ती मी देतो.” त्यांनी ताकीद दिली. मग म्हणाले, “आणि हे मी वर पाठवतो.” ताकीद पाठवणार होते की आणखी काही, हे मी विचारलं नाही. सलाम करून बाहेर आले. सलाम मात्र बरोबर झाला.

चार महिने काहीच झालं नाही. मग एक कागद आला. आंदर मावळातल्या चार वर्षांपैकी दोन वर्षं मान्य करण्यात येत आहेत, एवढंच त्यात होतं. आधीची तीन आणि ही दोन मिळून पाच झाली. तेवढी पुरेशी होती, तेव्हा मला तिसरा तारा मिळाला. मैत्रिणीनं तो स्वतः माझ्या खांद्यावर लावला आणि कॅन्टीनमधून जिलबी आणवली. सगळ्यांना आनंद झाला. मी पण हसले. पण कागद मी रात्रंदिवस खिशात घेऊन फिरत होते, कारण त्यात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. चारांतली कोणती दोन?

कारकुनाला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, निम्मी धरली. कोणती असं नसतं. नुसती दोन.”

त्याचं बरोबर असेल. पण मला ते नुसती दोन असं मोजता येईना. आंदर मावळातल्या पहिल्या वर्षी एका वाडीतून मला बोलावणं आलं. धरणाच्या पाण्याला वळसा घालून तीन तास चालून मी पोचले. मूल झालं होतं, चांगलं होतं. पण बाळामागून पडायची वार आईच्या पोटातच अडकली होती आणि रक्त जात होतं. आम्हाला हॉस्पिटलात शिकवलं होतं की अशा वेळी नर्सनं आत हात घालून ती काढायची नाही, डॉक्टरला बोलवायचं. मी तिच्या दिराला वडगावला धाडलं. पोट चोळत बसले. ती मला म्हणाली, “बाई, तुमी कायतरी करा की.” मी म्हणाले, “डॉक्टर येतायत.” तिला तहान लागली होती, मी चमच्यानं पाणी पाजत होते. दीर डॉक्टरला घेऊन आला तेव्हा तिला जाऊन बराच वेळ झाला होता. ती माझ्यापेक्षा लहान होती. तिच्या सासूनं मला दोष दिला नाही. उलट निघताना दूध दिलं, लांब जायचंय म्हणून. ते दूध मी कसं प्याले, हे मला अजून समजत नाही.

त्यानंतर कधी मी डॉक्टरची वाट बघितली नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत माझा हात बसला होता. परटिणीच्या वेळी जे आलं ते त्यातून आलं. म्हणजे लष्करानं मान्य केलेली दोन वर्षं शेवटची असतील, तर ठीक. तेव्हा मी खरंच चांगली नर्स होते. पण पहिली दोन धरली असतील तर? मग माझ्या खांद्यावरचा तिसरा तारा त्या बाईच्या ओसरीवरून आलेला होता. आणि खरं शिकले ते तर त्याच दिवशी शिकले. मग तोच दिवस सगळ्यात आधी धरायला हवा, की मुळीच धरू नये? मी मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या आठ वर्षांत पण असे दोन-तीन आहेत. माझी सगळी धरली, म्हणून मी कधी बघितलंच नाही.”

युद्ध संपल्यावर वर्षाच्या आत बराकी मोकळ्या झाल्या. खाटा ट्रकमध्ये चढल्या, पत्रे उतरले. मैत्रीण लष्करातच राहिली आणि दूर उत्तरेला गेली. पुढं ती मेजर झाली. मलाही राहा म्हणाले होते. मी नको म्हणाले. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही आणि आता सांगितलं तर ते नंतर सुचलेलं कारण असेल. तळेगावात एक लहान प्रसूतिगृह निघत होतं, तिथं मी रुजू झाले. आजूबाजूच्या गावांतल्या सुइणींना आठवड्यातून एकदा बोलावून शिकवायचं, ही अट मी घातली आणि ती त्यांनी मान्य केली.

पहिल्या आठवड्यात चौदा जणी आल्या. बहुतेक माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, कपाळभर कुंकू, कमरेला पिशवी. मी फळ्यावर चित्र काढून समजावू लागले. पुढं बसलेली एक म्हातारी, पवन मावळातली, मध्येच म्हणाली, “बाई, ते ऱ्हाऊ द्या. वार अडकली तर तुमी काय करता, ते आदी सांगा.”

मी खडू खाली ठेवला, हात धुतले आणि त्यांना जवळ बोलावलं.